पटक्यातला मोहोर

मास्तर आपल्या बायकोला नावानं हाक मारायचे. "सरू, ए सरू!" अशी, भर रस्त्यावरून, ओढ्याच्या पलीकडं ऐकू जाईल अशी. आमच्या गावात त्या काळी घरधन्याला बायकोचं नाव ठाऊक तरी आहे की नाही अशी शंका यायची. "ऐकलं का", "कुठं गेली", नाहीतर नुसतं खाकरणं. माझ्या अप्पांनी मायला नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही. त्यामुळं मास्तरांची हाक आली की विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या आणि कोणीतरी म्हणायची, "जा बाई सरूबाई, तुझं वासरू हंबरलं."

सरूबाईही हसत. कळशी उचलत आणि म्हणत, "येऊन राहिली मास्तर!" म्हणजे त्याही ओरडूनच.

मास्तरांची आठवण आली की माझी मान आपोआप खाली जाते. का जाते ते सांगणार आहे. पण आधी मास्तर कसे होते ते सांगते, नाहीतर माझ्या गोष्टीखाली ते झाकून जातील.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून कोसभर. मास्तर वऱ्हाडातले, कनेरगाव नाक्याच्या पलीकडचे. नाक्याच्या अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं इंग्रजाचं. तिकडचा मुलूख सोडून हा माणूस इकडं का आला, असं गावानं विचारलं तर म्हणायचे, "तिकडं मास्तर लय झाले बाप्पा. इकडं पोरं लय." बाळापूरला सरकारी शाळा होती ती उर्दू. आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या ओसरीत यांनी मराठी शाळा मांडली. सतरा पोरं, त्यात आम्ही तीन पोरी. माय मला पाठवायला तयार नव्हती. अप्पांनी जेवता जेवता एवढंच म्हटलं, "जाऊ दे तिला." अप्पा दिवसातून दहा शब्द बोलत असतील, त्यातले तीन त्या दिवशी माझ्यासाठी खर्चले. मी ते तीन शब्द रात्री पांघरुणात पुन्हा पुन्हा मनात म्हटले होते.

मास्तरांच्या गळ्यात सुतळीनं बांधलेली एक फुटकी पाटी असायची. तळहातापेक्षा थोडी मोठी. विसरायचे म्हणून त्यावर लिहून ठेवायचे. सरूबाईंनी मीठ सांगितलं, लिहिलं. तेल सांगितलं, लिहिलं. मग दुकानापर्यंत जाताना पाढ्यासारखं म्हणत जायचे, "मीठ, तेल, सुई, मीठ, तेल, सुई." आणि दुकानात पोचल्यावर वाणी विचारी, "काय द्यू मास्तर?" तर हे छातीवरची पाटी त्याच्यापुढं धरून उभे. लेखण कानावर. ती तिथं विसरून एकदा लग्नाच्या पंगतीत तसेच बसले होते.

छडी नव्हती. एका पोरानं दुसऱ्याला मारलं तर शिक्षा अशी की ज्याला मारलं त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सगळ्यांपुढं बोलायची. पोरं रडकुंडीला यायची. एक जण तर म्हणाला होता, "मास्तर, दोन रट्टे मारा पर हे नका सांगू." मास्तर त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, "काहून रे राजा? शिवी द्याची तं लगेच तोंडात येते. चांगलं बोलाले एवढं जड काहून?" पोरगं घाम फुटेपर्यंत उभं राहिलं आणि शेवटी म्हणालं, "ह्याच्या बैलाचे शिंगं चांगले हायेत." मास्तरांनी ते चालवून घेतलं.

आणि केस. सरूबाईंचा उजवा खांदा लहानपणी मोडून वाकडा जुळला होता. हात खांद्याच्या वर जात नसे. म्हणून मास्तर त्यांची वेणी घालायचे. ती घरात दार लावून घातली असती तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मास्तरांना उजेड लागायचा. ओट्यावर, सकाळी, शाळेच्या आधी, लाकडी फणी घेऊन बसायचे. येणारे-जाणारे माना फिरवून जात. पाटील एकदा म्हणालेच, "मास्तर, थोडं आतल्या अंगाला बसत जा. पोरं बघतात." मास्तर म्हणाले, "पाहू द्या की. पोरं शिकतील."

आता वसंत पंचमी.

माघात येणारा हा दिवस आमच्या गावी मोठा नव्हता. देवाला गुलाल वाहायचा, लग्नाच्या तिथी धरायच्या, झालं. मास्तरांना हे फार लागायचं. "अरे, हा मदनाचा सण होय," ते म्हणायचे, "पिरेमाचा. आपल्या जुन्या लोकांचा. राजाच्या वाड्यापासून कुणब्याच्या खोपटापर्यंत समदे करत. त्याले महादेवानं जाळलं तेवढंच तुमी ध्यानात ठेवलं. होळी करता, बोंबा मारता, शिव्या देता. अन् ज्याच्यासाठी तो जळला ते मात्र विसरले."

मी चौथीत होते त्या साली त्यांनी आम्हाला सगळी गोष्ट सांगितली. महादेव तपाला बसले होते. त्यांना उठवल्याशिवाय राक्षस मरणार नव्हता. देवांनी मदनाला पाठवलं. त्याचं धनुष्य उसाचं, दोरी भुंग्यांची आणि बाण पाच फुलांचे, त्यातला एक आंब्याचा मोहोर. बाण लागला. महादेवांनी तिसरा डोळा उघडला आणि मदनाची राख झाली. त्याची बायको रती त्या राखेजवळ बसून रडली, तेव्हा महादेवांना दया आली. म्हणाले, हा जगेल, पण याला अंग राहणार नाही.

"मग दिसन कसा?" एका पोरानं विचारलं.

"दिसत न्हाई," मास्तर म्हणाले. "म्हून तं लोक म्हणतात की न्हाईच."

मग आम्ही ओढ्याकाठच्या आमराईत गेलो. झाडाचा मोहोर तोडायचा नाही अशी सक्त ताकीद होती. आंब्याचा मालक एक एक तुरा कैऱ्या मोजल्यासारखा मोजायचा. वाऱ्यानं पहाटे जो खाली पडला होता तेवढाच वेचला. मास्तरांनी प्रत्येकाच्या हातात एक तुरा दिला आणि म्हणाले, "ज्याच्यावर तुमचा जीव हाय त्याले हा द्याचा. तोंडानं बोलता आलं तं बोला. न्हाई आलं तं नुसता ठेवा. कोणाले दिला ते मी इचारणार न्हाई. सांगावं वाटलं तं उद्या पाटीवर लिहा. मी वाचीन अन् पुसून टाकीन. तुमचं गुपित माझ्याकडून कोणाले कळणार न्हाई, माझ्या सरूलेबी न्हाई."

पोरांनी बहुतेकांनी वाटेतच एकमेकांच्या नाकात तुरे घातले. मी माझा ओच्यात लपवून घरी आणला.

मला तो अप्पांना द्यायचा होता. दिवसभर मी त्यांच्या मागं मागं फिरले. ते गोठ्यात गेले, मी गोठ्यात. ते ओसरीवर बसले, मी खांबाशी. त्यांनी एकदा विचारलं, "काय पायजे?" मी म्हणाले, "काही न्हाई." संध्याकाळी ते अंग धुवायला गेले. त्यांचा पटका बांधलेला तसाच खुंटीला होता. ते दर आठवड्याला एकदाच नीट बांधायचे आणि मग टोपीसारखा उचलून डोक्यावर ठेवायचे. खुंटीपर्यंत माझा हात पुरेना. जात्याला पाय लावू नये हे मला माहीत होतं, तरी मी जात्यावर चढले, टाचा उचलल्या आणि तुरा पटक्याच्या मागच्या घडीत खोवला. त्यांना सापडेल, ते हसतील, कोणी ठेवला ते त्यांना कळेल, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळापूरचा बाजार होता. अप्पा दिवस उगवायच्या आत उठले, अंधारात पटका डोक्यावर ठेवला आणि गेले. तुरा मागं होता. पुढून येणाऱ्याला दिसत नव्हता, आणि अप्पांना तर नाहीच. त्यांच्या मागून चालणाऱ्या सगळ्या बाजाराला मात्र दिसत होता.

मी शाळेत गेले. पाटीवर एकच शब्द लिहिला, "अप्पा". मास्तरांनी वाचला. ते माझ्याकडं पाहून इतके हसले की त्यांच्या कानावरची लेखण पडली. मग धोतराच्या सोग्यानं पाटी स्वच्छ पुसली.

अप्पा दुपारीच परत आले. त्यांच्याबरोबर चुलतेही होते, काय झालं ते त्यांनीच सांगितलं. बैलबाजारात कोणीतरी मागून ओरडलं होतं, "अप्पा, मांडवाखालून उठून आलात का काय?" सगळे हसले. अप्पांना कळेना. मग एकानं तुरा काढून त्यांच्या हातात दिला. दुसरा म्हणाला, "तुमच्या गावात मोहोराचा नाद एकाच घरी हाय. मास्तरीणबाईनं खोवला व्हय?" तिसऱ्यानं त्यात भर घातली. अप्पा चाळिशी ओलांडलेले, गावात ज्यांच्या शब्दाला किंमत होती असे. बैल न घेताच परत फिरले.

त्यांनी तुरा चुलीपुढं टाकला आणि विचारलं, "हे कोणी खोवलं?"

मी चुलीत तुरीच्या वाळल्या तुराट्या सारत होते. तोंडात वाक्य तयार होतं. "मी खोवलं." दोन शब्द. पण त्यापुढं "का" असं विचारलं तर काय सांगायचं? तुमच्यावर माझा जीव आहे, हे? आमच्या घरात असं कोणी कोणाला कधी म्हटलं नव्हतं. ती बोलायची गोष्ट नव्हती. चोरी कबूल करणं मला त्यापेक्षा सोपं गेलं असतं. मी आणखी एक तुराटी आत सारली.

माय म्हणाली, "मला काय ठावं? काल ताक न्यायला ती आली व्हती. तिलाच इचारा."

सरूबाई ताक न्यायला आल्या होत्या हे खरं. आणि मी जात्यावर चढले ते त्या गेल्यानंतर, हेही खरं. पण हे दुसरं एकट्या मलाच ठाऊक होतं.

संध्याकाळी माय त्यांच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. सगळी आळी जमली. मायच्या तोंडचं मी इथं लिहीत नाही. ती वाईट बाई नव्हती. सरूबाई बाहेर आल्या आणि आधी त्यांना वाटलं, ही थट्टाच आहे. म्हणाल्या, "अहो बाई, मले माझा एक मास्तर पुरून उरला! अन् हा हात पाहा माझा. खांद्याच्या वर जात न्हाई. तुमचे अप्पा केवढे उंच. त्यांच्या पटक्यात मी काय शिडी लावून खोवू?"

दोघी-तिघी हसल्या. गोष्ट तिथंच मिटायला हवी होती. हात सगळ्या गावानं पाहिला होता, त्या हातामुळंच तर ओट्यावर वेणी घातली जायची. पण माय म्हणाली, "जिला भर रस्त्यात नवरा नावानं हाका मारतो, तिला काय येत नसंल?" आणि हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. मला वाटतं, गावाला ती हाक सहन होत नव्हती, ती वेणी सहन होत नव्हती, आणि बोट दाखवायला जागा मिळत नव्हती. ती मी करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर सरूबाईंची कळशी आली की बाकीच्या कळश्या सरकू लागल्या. शाळेतली पोरं कमी झाली. चार दिवसांनी पारावर बैठक बसली. आम्ही पोरं देवळाच्या खांबाआडून बघत होतो. पाटलांनी मास्तरांना विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेले मानूस. तुमच्या सणाचा मोहोर यांच्या पटक्यात गेला कसा, तुमाला ठावं हाय का?"

मास्तर खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "ठाऊक हाय."

"मग सांगा."

"मी सांगणार न्हाई. ज्याचं त्यानं सांगावं."

कोणीतरी मागून म्हणालं, "घरचंच झाकून राहिला, दुसरं काय." पाटलांनी पोरांकडं वळून विचारलं, "कारे पोराहो, तुमच्यातल्या कोणाची खोडी हाय का?" पोरांनी माना हलवल्या. पोरींना कोणी विचारलं नाही. त्याचा मी पुष्कळ वर्षं आधार घेतला, की मला कोणी विचारलं नाही. पण मास्तर वाट बघत होते. माझ्याकडं पाहत नव्हते, मुद्दाम समोरच्या लिंबाच्या झाडाकडं पाहत होते, कोणाची नजर माझ्याकडं वळू नये म्हणून. बराच वेळ. मग त्यांनी गळ्यातली पाटी सरळ केली आणि उठून गेले.

आठ दिवसांत त्यांनी गाव सोडलं. गाडी आमच्या घरावरून गेली. मी दारात होते. मास्तर गाडीच्या मागं चालत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हवेत हात फिरवला, पाटी पुसल्यासारखा. म्हणजे मी भिऊ नये.

शाळा मोडली. माझी चौथी अर्धवट राहिली ती अशी. लोक म्हणतात पोरीला पुढं शिकवलं नाही. मी ऐकून घेते.

दोन वर्षांनी मला बघायला आले. मुलाच्या मामानं विचारलं, "काय पोरी, पसंत हाय का?" मी मान खाली घातली. सगळे हसले आणि साखर वाटली. आमच्याकडं पोरगी मान खाली घालून गप्प राहिली की ते होच असतं. लग्नानंतर मी हिंगोलीच्या अंगाला गेले. अप्पा पुढं वारले. त्यांना मी सांगितलं नाही. मोहोराच्या दिवसांत माहेरी गेले तर ते माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे, दुसरीकडं बघत, लहानपणासारखाच. तेव्हाही सांगितलं नाही.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या साली धामधूम झाली आणि गावंच्या गावं उठली. आम्ही दोन लेकरं आणि एक गाठोडं घेऊन कनेरगाव नाका ओलांडला. वाशीमच्या बाजूला एका शाळेच्या आवारात लोकांची सोय केली होती. तिथं एक बाई लेकरांना भाकरी वाटत होती, डाव्या हातानं. उजवा हात अंगाशी धरलेला. डोक्यावरचा पदर सरकला तर केस पोरासारखे कापलेले.

मी ओळखलं. त्यांनी आधी ओळखलं नाही. गावाचं आणि अप्पांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली भाकरी थोडी थांबली. मग म्हणाल्या, "तू ती व्हय? कोपऱ्यात बसणारी? बस. केसाचं काय करून ठेवलं बाई? पाठ कर इकडं."

चार दिवस फणी लागली नव्हती. मी खाली बसले, त्या पायरीवर बसल्या. एवढ्या उंचीवर त्यांचा हात चालत होता. फणी मी पाहिली. तीच होती.

"मास्तर?" मी विचारलं.

"गेले. तीन वर्षं झाले." त्यांनी केसांतला एक गुंता सोडवला. "ते गेल्यावर मी केस कातरले. मागं हात जात न्हाई, अन् दुसऱ्याच्या हातानं घालाची सवय न्हाई."

मग त्या आपण होऊन बोलल्या. मला बोलायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमच्या गावाचा मले राग न्हाई. गाव काय, बोलतेच. पर ह्यानं मले सांगितलं न्हाई ना. मी म्हणायची, अहो मास्तर, आता तं गाव सुटलं, नाव गेलं, आता तं सांगा कोणाचा व्हता तो मोहोर. तं म्हणे, सरू, ती पाटी मी पुसली. मले वाटलं, कोणी दुसरी असंन काय याच्या मनात, जिले हा वाचवून राहिला? खोटं काहून बोलू, वाटलं. लय दिवस वाटलं. वेणी घालाचे, तं मी दगडासारखी बसायची. इकडं आल्यावर त्यानं मले कधी मोठ्यानं हाक मारली न्हाई. हळूच म्हणाचे, सरू. कोणी आयकंन म्हणून भ्याल्यावानी."

माझी लेकरं समोर भाकरी खात होती.

"तू तं त्या वर्गात व्हती," त्या म्हणाल्या. "तुले ठाऊक हाय काय, कोण व्हतं?"

दोन शब्द. इतकी वर्षं तोंडात तयार असलेले. विचारायलाही माणूस होतं, आणि मारायला कोणी नव्हतं. मी मान खाली घातली.

फणी थांबली. माझ्या पाठीमागं त्या काय पाहत होत्या मला माहीत नाही. त्याही आमच्यात राहिलेल्या. मान खाली घालून गप्प बसलेल्या बाईचं उत्तर काय असतं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्या उठून जातील असं वाटलं.

मग फणी पुन्हा टेकली. कपाळापासून मागं, सावकाश.

"सरळ बस," त्या म्हणाल्या. "मान खाली घातली की भांग वाकडा येते."

मी मान वर केली. त्यांनी वेणी घातली, घट्ट, दुखेल इतकी घट्ट, आणि फणी पदरात बांधून दुसऱ्या लेकरांकडं गेल्या. आम्ही तिथं महिनाभर होतो. त्या रोज भाकरी द्यायच्या, माझ्या लेकरांना आधी. त्या गोष्टीबद्दल पुन्हा एक शब्द नाही. मीही बोलले नाही. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणत नाही. मी माफी मागितलीच नव्हती.

आता घरी आले आहे. मास्तर म्हणायचे, तोंडानं येत नसलं तर लिहा. अप्पांच्या पटक्यात मोहोर मी खोवला. जात्यावर चढून, टाचा वर करून. माझा अप्पांवर जीव होता. सरूबाई त्या वेळेला ताक घेऊन केव्हाच आपल्या घरी गेल्या होत्या.